नाव न सांगता दिलेली खबर



वर्गमैत्रिणीचे लग्न ठरल्याचे मुलांना पुष्कळदा शिक्षकांच्या आधी कळते. तरीही ती गप्प राहतात, कारण आपले नाव फुटेल ही भीती. ती उपदेशाने जात नाही. खऱ्या माहितीने कमी होते.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. १०९८ या विनामूल्य क्रमांकावर रात्रंदिवस खबर देता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही. गाव, घर व लग्नाची तारीख कळली तरी तपास सुरू होऊ शकतो. वयाचा पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरात असतो; त्यासाठी खबर देणाऱ्या मुलाची गरज नसते. दंडाधिकाऱ्यांना लग्नापूर्वीच मनाई हुकूम देता येतो.

मात्र लहान गावात नाव तर्कानेही फुटते. म्हणून चौकशीस जाणाऱ्याने ‘कोणी सांगितले’ ही चर्चाच होऊ देऊ नये. शिक्षकानेही सरसकट गुप्ततेचे वचन देऊ नये. मुलावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळविणे बंधनकारक आहे, हे मुलाला आधीच सांगावे. पाळता येईल तेवढाच शब्द दिला, तरच पुढचे मूल बोलेल.