अंतःकरणाचा उमाळा व बुद्धीचा प्रकाश
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



उत्सवाच्या दिवशीं भाविकांचें अंतःकरण भरून यावें यांत नवल नाहीं. वडिलांनीं बांधलेलें हें मंदिर, ज्या कुंडाजवळ आपला बाप्तिस्मा झाला तें कुंड, ज्या भूमींत आपलीं माणसें विसावलीं आहेत ती भूमि, हीं पाहून ज्याचे डोळे पाणावत नाहींत त्याला आम्ही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु उत्तम शुक्रवारीं क्रूसाचें चुंबन घेतांना रडलेला मनुष्य ईस्टर सरतांच हातभर बांधासाठीं सख्ख्या भावाशीं अबोला धरतो, हेंही आपण पाहतों. त्याचे अश्रू खोटे होते काय? तसें म्हणवत नाहीं. ते खरेच होते; मात्र आपण कशासाठीं रडलों, हें त्यानें स्वतःला कधीं विचारलें नाहीं. उलट, सारी प्रश्नोत्तरी मुखोद्गत असून ज्याला मिस्सेंत केवळ गाणाऱ्यांच्या चुका ऐकूं येतात, असाही एक वर्ग आहे. त्याचें दुखणें पहिल्याहून बरें असें नव्हे.

या दोहोंची सांगड कशी घालावी हें आपल्याच भाषेंत चारशें वर्षांपूर्वीं एका पुरुषानें दाखविलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. येशूसंघांत प्रवेश करून ते 1579 मध्यें गोव्यास आले आणि 1619 मध्यें देवाघरीं गेले. मधलीं बहुतेक वर्षें त्यांनीं साष्टी प्रांतांत वेंचलीं. तेथील नवख्रिस्ती लोकांस धर्मतत्त्वें शिकविलीं जात होतीं. परंतु पूर्वीं जीं पुराणें ते ऐकत असत तीं सुटलीं होतीं, आणि तत्त्वें कळूनही मन उपाशी राहिलें होतें. आपल्या भाषेंत आपलेंही एखादें पुराण असावें, अशी त्यांनीं मागणी केली. एखाद्या कडक पंतोजीनें त्यांस दटावून पुन्हा प्रश्नोत्तरीकडेच धाडलें असतें. फादरांनीं जवळजवळ 11,000 ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें, आणि तें 1616 मध्यें राशोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. त्याच लेखणीनें कोंकणींत गुरुशिष्यांच्या संवादरूपानें ख्रिस्ती सिद्धांतांचें पुस्तकही लिहिलें. तें त्यांच्या पश्चात् 1622 मध्यें निघालें. एकाच मनुष्यानें दोन्ही पुस्तकें लिहिलीं, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

पण त्याहून मौजेची गोष्ट पुराणाच्या पोटांतच आहे. कथा रंगांत आली असतां श्रोते मध्येंच शंका विचारतात, आणि पाद्रीबाबा ओवी थांबवून नव्हे तर ओवींतूनच त्यांस उत्तर देतात. शंका विचारली म्हणून कोणाची भक्ति कमी ठरत नाहीं. (पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. लोकांनीं प्रेमानें हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्यांवरून 1907 मध्यें मंगळूर येथें हा ग्रंथ पुन्हा छापिला गेला. ग्रंथ समजला नसता तर एवढा उतारा करण्याची तसदी कोणी घेतली असती?)

आतां जी गोष्ट आम्हांस अधिक चिंतेची वाटते ती सांगतों. कित्येक सज्जन रोजरी सोडतात, कुमसार टाळतात, आणि कारण विचारलें तर म्हणतात, "पूर्वीसारखें मन लागत नाहीं, मग ढोंग कशाला?" हें बोलणें प्रामाणिक आहे, म्हणूनच घातक आहे. आव्हिलाची संत तेरेजा हिला दिव्य दर्शनें झालीं हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु कित्येक वर्षें प्रार्थनेस बसली असतां तास केव्हां संपतो इकडेच तिचें लक्ष असे, हें तिनेंच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. तरी ती बसत राहिली. पुढें दर्शनें होऊं लागलीं तेव्हां केवळ गोड बोलणाऱ्यांपेक्षां विद्वान धर्मगुरूंकडून तीं पारखून घेण्याचा तिचा आग्रह असे. अर्धवट शिकलेल्या सल्लागारांनीं आपलें नुकसान केलें, असें ती स्पष्ट सांगते. अशा स्त्रीला 1970 मध्यें पोप सहावे पौल यांनीं पवित्र सभेची आचार्या म्हणून गौरविलें.

संत इग्नाशियस 1521 मध्यें पाम्प्लोनाच्या लढाईंत जायबंदी होऊन अंथरुणाला खिळले होते. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, शौर्याच्या व दरबाराच्या कल्पनांनीं मन सुखावतें खरें, पण मागाहून तें रितें पडतें. संतांच्या विचारांनीं आलेला आनंद मात्र टिकून राहतो. आपल्याच भावनांकडे अशा रीतीनें पाहण्यास कोणतीही पदवी लागत नाहीं. शेतावरून परत येतांना अथवा दिवा मालवण्यापूर्वीं पांच मिनिटें पुरतात. याच अनुभवांतून त्यांनीं पुढें नियम घालून दिला कीं, मन कोरडें व उदास असतां पूर्वींचा चांगला निश्चय बदलूं नये. ज्यांची रोजरी खुंटीवर लटकत आहे त्यांनीं आज हा एवढा नियम तरी घरीं न्यावा.

आशीर्वादाची वेळ झाली आहे, तेव्हां आम्ही अधिक लांबवीत नाहीं. आतां देवळांत पवित्र साक्रामेंतापुढें गुडघे टेकून आपण जें लॅटिन गीत गाणार आहोंत, तें परंपरेनें संत थोमस आक्विनास यांचें मानलें जातें. 1264 मध्यें ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेसाठीं नेमला गेला, त्या वेळचें तें गीत. ज्यांनीं ईश्वरज्ञानाची प्रत्येक शंका मांडून तिचें उत्तर दिलें, तेच हे थोमस.