जिला शेजार आहे अशी संख्या



खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं विणकरांचं जुनं गाव. हातमागाजवळ घटकाभर बसलं तर गणितातली एक मोठी गोष्ट तिथे डोळ्यांनी दिसते. ताण्याचा एकेक धागा फणीतून ओवलेला असतो. एखादा तुटला की कापडात उभी रेघ पडते, म्हणून विणकर धोटा थांबवून आधी तो सांधतो. अर्धा धागा ताण्यात नसतोच. एका धाग्याशेजारी दुसरा, मध्ये काही नाही. पूर्ण संख्या अशाच असतात : 0, 1, 2, 3 आणि पुढे. शून्य वगळलं की नैसर्गिक संख्या उरतात. पूर्ण संख्यांना उणे एक, उणे दोन अशा संख्या जोडल्या की पूर्णांक होतात.

तेच कापड दुकानात गेलं की सवा मीटर, पावणेदोन मीटर अशी भाषा सुरू होते. सवा आणि दीड यांच्या मधोमध 1.375 बसते. सवा आणि 1.375 यांच्या मध्ये आणखी एक. हे संपतच नाही. तीनच्या पुढची पूर्ण संख्या चार. पण अपूर्णांकांत साडेतीनच्या पुढची कोणती, याला उत्तरच नाही. माझ्या मते खरा फरक हाच आहे, आणि शाळेत तो फार उशिरा सांगितला जातो.

म्हणून मुलं पूर्ण संख्यांच्या सवयी अपूर्णांकांत घेऊन जातात. 0.45 मोठी की 0.5? पुष्कळ मुलं 0.45 म्हणतात, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. गुणाकार केला की संख्या वाढते, हीही तशीच सवय. निम्म्याचं निम्मं मात्र पावच होतं. आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असायची, साडेतीनची औटकीसुद्धा. साडेतीन ही सहासारखीच वापरातली संख्या आहे, हे त्या पाढ्यांमुळे कानाला पटलेलं असे. ते पाढे गेले याचं मला वाईट वाटतं.

आता एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोनी रुमाल घ्या आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मापा. त्या लांबीचा वर्ग बरोबर दोन यायला हवा. त्या लांबीसाठी सातास पाच, म्हणजे सात भागिले पाच, घेऊन पाहा : साताचा वर्ग 49, पाचाच्या वर्गाची दुप्पट 50. एकाने हुकलं. सतरास बारा : 289 आणि 288. पुन्हा एकाने. बौधायनाच्या शुल्बसूत्रातल्या रीतीने 577 भागिले 408 येतं. त्यातही 332929 आणि 332928, फरक एकाचाच.

हा फरक शून्य का होत नाही? समजा झाला. मग वरच्या संख्येचा वर्ग सम, म्हणून ती संख्या सम. त्यामुळे खालचीही सम निघते. दोघींना दोनाने भागा, नव्या जोडीचीही तीच गत. पुन्हा भागा, पुन्हा तीच. पण शून्य सोडून कोणतीही पूर्ण संख्या अशी अनंत वेळा निम्मी करता येत नाही. कुठेतरी विषम संख्या आडवी येतेच. तेव्हा असा अपूर्णांक नाहीच. अशा लांबीला आपण अपरिमेय संख्या म्हणतो. तिचं अपरिमेय असणं सिद्ध होतं ते पूर्ण संख्यांच्या स्वभावावरून, हे मला फार विलक्षण वाटतं.

असा एकाचा फरक ठेवणाऱ्या जोड्या शोधण्याच्या प्रश्नाला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणत. ब्रह्मगुप्ताने 628 साली त्यावर लिहिलं, बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी चक्रवाल रीत मांडली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

पुढची जोडी घरी काढता येते. सतरास बारामधल्या दोन्ही संख्यांची बेरीज 29, ही नवी खालची. तिच्यात जुनी खालची 12 मिळवली की 41, ही नवी वरची. 41 चा वर्ग 1681, 29 च्या वर्गाची दुप्पट 1682. याच्या पुढची जोडी मुलांना काढू द्या, आणि वर्ग कागदावरच करायला सांगा.