गोळी बंद कधी करणार?

व्यासपीठावरचे आमचे सर, बाई आणि १९९५ च्या दहावीतल्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी 'आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी बोला' असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर बोलू लागले तर जेवणानंतरच्या या सत्रात अर्धा हॉल झोपेल. म्हणून दुसरा विषय घेतलाय, अफूच्या जातीची व्यसनं आणि त्यांवरचे उपचार. मी डॉक्टर नाही. पण आमच्या टीममधला एक जण यात गेला. त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते सांगते.

मी तेव्हा अमेरिकेत, ओहायो राज्यात होते. तिकडे १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी 'सवय लागण्याचा धोका कमी' असं सांगून खपवली गेली. २००७ मध्ये पर्ड्यू कंपनीने ही दिशाभूल न्यायालयात कबूल केली, पण तोवर गावंच्या गावं अडकली होती. गोळ्या मिळेनाशा झाल्यावर लोक हेरॉईनकडे वळले, पुढे फेंटानिल आलं. आमचा हा टेस्टर चौतिशीचा, एका मुलीचा बाप. खांद्याच्या ऑपरेशननंतर सुरू झालेल्या गोळ्या सुटल्याच नाहीत.

तो एका केंद्रात तीस दिवस राहिला. तिथे व्यसनावर औषध देत नसत, शरीर 'स्वच्छ' करून घरी पाठवत. तो कामावर आला तेव्हा आम्ही केक आणला होता. एकोणिसाव्या दिवशी तो गेला. पूर्वी रोज घ्यायचा तेवढंच त्या रात्री घेतलं होतं, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

तेवढंच घेऊन माणूस मरतो कसा? बाईंच्या पद्धतीने कुलूप-किल्लीचं उदाहरण घेते. मेंदूत काही कुलपं आहेत. अफू, मॉर्फिन, हेरॉईन या त्यांच्या किल्ल्या. किल्ली फिरली की वेदना थांबते, सुख वाटतं आणि श्वासही मंदावतो. रोज घेणाऱ्याचं शरीर याला सरावतं, मग डोस वाढवावा लागतो. काही आठवडे बंद ठेवलं की हा सराव उतरतो, ओढ मात्र तशीच राहते. मग जुना डोस श्वासच थांबवतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट होता! आम्ही सर्व्हर अडकला की रीस्टार्ट करतो. पण रीस्टार्टनंतर सर्व्हर आधीपेक्षा नाजूक होत नाही, माणूस होतो.

यावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी. ही किल्ली कुलपात घट्ट बसते, पण अर्धीच फिरते. त्यामुळे अंगदुखी, थरथर, जुलाब, ज्याला आपल्याकडचे गर्दुल्ले 'टर्की' म्हणतात, ते थांबतं. श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपुढे सहसा जात नाही (सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर मात्र धोका आहे). कुलूप अडलेलं असल्याने हेरॉईनलाही जागा मिळत नाही. दुसरं औषध मेथाडोन. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन देण्याची मुभा दिली, आणि चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले.

'म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं!' हे वाक्य मी ओहायोत ऐकलं आणि पुण्यातही ऐकते. मला ते पटत नाही. व्यसनी माणूस घर, नोकरी, मुलं सगळं त्या एका गोष्टीपायी टाकतो. गोळी घेऊन साडेनऊला कामावर जाणारा काय टाकतो? आपल्या बॅचमधल्या निम्म्या जणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात. त्यांना कुणी विचारत नाही, 'बंद कधी करणार?'

हे फक्त तिकडचं नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार भारतात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. यात हेरॉईन आहे तसं खोकल्याचं औषध आणि वेदनाशामक गोळ्याही आहेत. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे व्यसन हा आजार आहे असं निदान बोललं तरी जातं. समुपदेशन, घरच्यांना सोबत घेणं, हे सगळं लागतंच. औषध त्याच्या जागी नको, त्याच्या जोडीला हवं.

उलट टोकाची भीतीही नको. कॅन्सरच्या वेदनेत डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तर आईवडिलांना ते नाकारू नका.

घरात, शेजारी कुणी असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि ब्युप्रेनॉर्फिनबद्दल स्वतःहून विचारा. केंद्र निवडताना एक प्रश्न जरूर करा, 'घरी पाठवल्यावर पुढचे सहा महिने काय?' उत्तर नसेल तर दुसरं केंद्र बघा. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांशिवाय, लग्न ठरलंय किंवा पाहुणे आलेत म्हणून, बंद करायला लावू नका.

चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत. प्रश्न असतील तर विचारा, आणि सगळ्यांसमोर नको असेल तर मी मागच्या बाकावर बसलेय, नेहमीच्याच.