शब्दांच्या स्पर्धेत सगळ्यांना शेवटपर्यंत राहू द्या

आम्ही बजाजनगरमधल्या काही आया. आमच्यातली कुणी कंपनीत शिफ्टला जाते, कुणी घरी शिलाई मशीन चालवते, कुणी डबे करून देते. आज बोलायचं आहे ते आपल्या लेकरांच्या स्पेलिंगच्या आणि शुद्धलेखनाच्या स्पर्धेबद्दल. स्नेहसंमेलन आलं किंवा 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला, की घरोघरी शब्दांची घोकणी सुरू होते. कुकरच्या शिट्टीबरोबर ए-पी-पी-एल-ई ऐकू येतं. स्पर्धा व्हावी, असंच आम्हाला वाटतं. ती कशी व्हावी, एवढाच प्रश्न आहे.

एक शब्द चुकला की बाद, ही पद्धत अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिथली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा 1925 साली सुरू झाली. 1985 मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा ती जिंकला आणि पुढे तिथल्या भारतीय घरांतली कितीतरी मुलं विजेती ठरली. पण ती मुलं वर्षानुवर्षं तयारी करून, शाळेच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्या पार करून तिथे पोहोचतात. दुसरी-तिसरीच्या वर्गाला तोच नियम लावला, तर काय होतं?

समजा, वर्गात चाळीस मुलं आहेत. पहिल्या फेरीत पंधरा बाद झाली. आता ती उरलेला वेळ बसून टाळ्या वाजवणार. जिंकणाऱ्या मुलीला वीस शब्द लिहायला मिळाले आणि बाद झालेल्या मुलीला एकच. आता सांगा, सरावाची गरज कुणाला जास्त होती? जिला भूक जास्त, तिचंच ताट आपण आधी उचललं.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर कंपन्या आल्या आणि ही वस्ती वाढली. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून माणसं आली, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. आज एका बाकावर तीन लेकरं बसली, तर एकाच्या घरी बंजारा बोली, दुसऱ्याच्या घरी भोजपुरी आणि तिसऱ्याच्या घरी आपली मराठवाडी मराठी असू शकते. घरी 'पानी' ऐकलेलं लेकरू वहीत 'पानी'च लिहिणार. त्याची बोली चुकीची नाही. ती आईची भाषा आहे. पुस्तकात 'पाणी' लिहायचं हे त्याला वेगळं शिकवावं लागतं. ते न शिकवता त्याला सगळ्यांसमोर खाली बसवलं, तर 'माझा एक शब्द चुकला' असं ते म्हणत नाही. 'मला येतच नाही' असं म्हणतं. मग वर्गात हात वर करणं बंद होतं, आणि ते पुन्हा सुरू करायला फार दिवस लागतात.

लेकरांच्या चुकीतही बहुतेक वेळा डोकं चाललेलं असतं. 'नाइफ' ऐकून मूल एन-पासून सुरुवात करतं, कारण कानाला के ऐकूच येत नाही. पूर्वी इंग्रज माणसं तो के बोलत असत. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना काढला, पुढे छापील अक्षरं पक्की होत गेली, पण बोलणं बदलत राहिलं. के कागदावर राहिला आणि जिभेवरून गेला. एवढी गोष्ट सांगितली, तर मूल तो शब्द सहसा विसरत नाही.

मराठीचंही तसंच. आजीच्या जुन्या पत्रात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार दिसतील. तेव्हा तेच शुद्ध होतं. शासनाने 1962 साली लेखनाचे चौदा नियम मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत चार वाढवले, तेव्हापासून ते अनुस्वार गेले. म्हणजे शुद्धलेखन हा सगळ्यांनी मिळून केलेला ठराव आहे. तो शिकायचा असतो. त्यात कुणाची जात, गाव, अक्कल मोजायची नसते.

म्हणून शाळेला आमचं सांगणं असं. एक, शब्द सगळ्यांनी पाटीवर किंवा कागदावर लिहावेत, शेवटच्या शब्दापर्यंत कुणालाही बाद करू नये. दोन, शब्द वाक्यात घालून सांगावा, म्हणजे अर्थ कळतो. तीन, सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्याला बक्षीस द्याच, पण मागच्या वेळेपेक्षा ज्याची सुधारणा जास्त, त्यालाही द्या. चार, पहिली फेरी स्वतःच्या नावाची ठेवा. स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव, मराठीत आणि इंग्रजीत. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं आणि पासबुकावर तिसरं नाव पडलं, की किती खेटे घालावे लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता घरचं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ती पाचवीत भेटली. म्हणून 'मला येत नाही, मी काय घेऊ अभ्यास' असं आपण म्हणतो. पण अभ्यास घ्यायला उत्तर यावंच लागतं असं नाही. 'असं का लिहिलंस?' एवढं विचारा. लेकरू सांगता सांगता स्वतःच दुरुस्त करतं.

सुट्टीच्या दिवशी मोरे चौकात जाताना रिक्षा-टेम्पोच्या मागचं वाचत चला. 'आई-वडीलांचा आशिर्वाद' दिसेल. विचारा, यात काय चुकलं? 'वडील' एकटे असले की डी दीर्घ, पण 'वडिलांचा' म्हटलं की ऱ्हस्व. तसंच 'बहीण' आणि 'बहिणीला', 'फूल' आणि 'फुलाला'. आणि 'आशीर्वाद' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्यातली शी दीर्घच. एका टेम्पोमागे एवढा धडा मिळतो, तोही फुकट.

शेवटचं, पण कामाचं. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे ती खुर्ची आपल्यासाठीच ठेवलेली आहे. पुढच्या बैठकीत शिफ्ट सांभाळून दोघी-तिघी मिळून जा. गुरुजींशी, बाईंशी गोडीनं बोला. यंदाच्या स्पर्धेत एकही मूल मध्येच खाली बसणार नाही, एवढं एक ठरवून घ्या.