बिघडलेला नकाशा आणि मोजणीची वही



मेहरूण म्हटले की आपल्याला आधी बोरे आठवतात आणि मग तलाव. आज मी मेहरूणमधल्या एका निराळ्याच गोष्टीविषयी बोलणार आहे. तिथे एका लहानशा खोलीत एक तरुण संगणकावर नकाशे काढून देतो. कुणाच्या घराचा, कुणाच्या गोदामाचा आणि पुष्कळदा शेतातल्या ठिबकचा.

धरणगावकडच्या एका आप्पांनी मृगबागेच्या केळीसाठी त्याच्याकडून चार एकरांची आखणी करून घेतली होती. झाडे पाच-पाच फुटांवर, म्हणजे सुमारे ७,००० खोडे. मुख्य नळी कुठून न्यायची, सबमेन कुठे फोडायची, व्हॉल्व्ह कुठे बसवायचे, हे सगळे नकाशात होते. दोन दिवस शेतात टेप धरून मोजणी झाली, तीन रात्री संगणकावर काम झाले. चारी खोदणारे यंत्र दुसऱ्या सकाळी येणार होते. आणि शेवटचे काम जतन करतानाच वीज गेली! वीज आली, पण फाईल काही उघडेना. आप्पा समोरच बसलेले. ते म्हणाले, "नकाशा कथा गया रे भाऊ?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कागदाचा नकाशा पावसात भिजला तरी अर्धा-निम्मा वाचता येतो. मग संगणकातला नकाशा एकदम सगळाच कसा जातो?

त्याचे असे आहे. संगणकातला नकाशा म्हणजे चित्र नव्हे, ती एक नोंदवही आहे. 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ', 'इथे इतक्या त्रिज्येचे वर्तुळ', अशा हजारो नोंदी तिच्यात असतात. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, आणि कोणती नोंद कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका असते. ऑटोकॅड हा नकाशे काढण्याचा प्रोग्रॅम १९८२ साली बाजारात आला. त्याच्या डी-डब्ल्यू-जी फायलींची रचना अशीच असते. लिहिता लिहिता वीज गेली, किंवा पेन ड्राइव्ह मध्येच उपटला, की अनुक्रमणिका अर्धवट राहते. पाने जागच्या जागी असतात, पण ती सापडत नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरची क्रमवारी फाटली तर मुलांची नावे काही नाहीशी होत नाहीत, तसेच हे.

म्हणून दुरुस्ती म्हणजे काय, तर पानन् पान चाळून अनुक्रमणिका पुन्हा बांधणे. आता ती कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ फाईलला हात लावू नये. तिची नक्कल काढावी आणि जे काही करायचे ते नकलेवर करावे. घाईत मूळ फाईलवरच प्रयोग केले, तर उरलेसुरलेही जाते.

दुसरी गोष्ट, फाईल खरोखरच बिघडली आहे का ते पाहावे. डी-डब्ल्यू-जी फाईलच्या अगदी सुरुवातीला सहा अक्षरांची खूण असते. 'एसी१०३२' असेल तर ती २०१८ च्या पद्धतीची फाईल. जुन्या प्रोग्रॅमला ती वाचता येत नाही, एवढेच. ती बिघडलेली नसते. उलट फाईलचा आकारच शून्य दिसत असेल, तर तिच्यात दुरुस्त करण्याजोगे काही उरलेले नाही. तिथे वेळ आणि पैसा घालवू नये.

तिसरी गोष्ट, जुनी प्रत शोधावी. प्रत्येक वेळी जतन करताना ऑटोकॅड आधीची प्रत बी-ए-के या शेपटाने बाजूला ठेवते. शेपूट बदलून डी-डब्ल्यू-जी केले की ती उघडते. ठरावीक मिनिटांनी आपोआप होणारी प्रतही असते. पण आमच्या तरुणाने ती सोय 'कामात अडथळा येतो' म्हणून बंद करून ठेवली होती! त्याची बी-ए-के प्रत मिळाली, ती आदल्या रात्रीची. तिच्यात व्हॉल्व्ह नव्हते.

चौथी गोष्ट, 'रिकव्हर' नावाची आज्ञा. न उघडणारी फाईल ती नोंद-नोंद तपासून उघडते. उघडणाऱ्या पण दोष असलेल्या फाईलसाठी 'ऑडिट' ही आज्ञा आहे. त्याने नकलेवर रिकव्हर चालवले आणि, काय सांगू, नकाशा पडद्यावर आला! आप्पांचा जीव भांड्यात पडला. ते उठलेसुद्धा.

पण श्रोतेहो, खरी गोष्ट इथूनच पुढे आहे. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही, ती नोंद ही आज्ञा काढून टाकते. किती दोष सापडले आणि किती वस्तू पुसल्या, हे ती शेवटी सांगते; पण ते वाचायला थांबतो कोण? आमचा तरुण थांबला. त्याने मोजणीची वही काढली आणि पेन्सिलीने एकेक नळीवर खूण करीत गेला. उताराकडच्या एका एकराची सबमेन नकाशात नव्हतीच. रेघ गेली होती, आणि तिच्या जागी ना डाग, ना भोक. ती चारी खोदलीच गेली नसती, आणि सुमारे १,७०० खोडांना पाणी पोचले नसते.

ती सबमेन आदल्या रात्रीच्या प्रतीत शाबूत होती. तिथून उचलून ती नव्या नकाशात बसवली, आणि माप पुन्हा वहीशी ताडून पाहिले. रात्रीचा एक वाजला. पण सकाळी यंत्र आले तेव्हा छापील नकाशा आप्पांच्या हातात होता.

तात्पर्य, उघडलेला नकाशा बरोबर असतोच असे नाही. कागद फाटला तर फाटलेला दिसतो. संगणकातला दुरुस्त नकाशा मात्र धडधाकट दिसतो, आणि खोट असली तरी ती लपून राहते. ती ओळखायला दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार म्हणजे शेतात उभे राहून लिहिलेली वही.

म्हणून शेतकरी बंधूंना सांगणे आहे, की नकाशा करून घेताना त्याची छापील प्रत आणि मोजमापांचे टिपण मागून घ्या. ते तुमचेच आहे. नकाशे काढणाऱ्या मुलांनो, आपोआप जतन होण्याची सोय चालू ठेवा, पेन ड्राइव्हवर थेट काम करू नका, आणि रोज एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आणि गुरुजनहो, मुलांना संगणक जरूर शिकवा, पण शाळेचे पटांगण एकदा टेपने मोजून वहीत उतरवायलाही लावा. वीज गेल्यावर उपयोगी पडते ते हेच.

आप्पांची केळी त्या मृगात वेळेवर लागली. जाता जाता ते त्या तरुणाला म्हणाले, "नकाशा तुझ्याजवळ राहू दे, भाऊ. वही मात्र मला दे." त्याने वहीची नक्कल करून दिली.