चाकांवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो, आणि म्हणताना त्यात थोडी कीव असते. बांधकाम खात्यातल्या इंजिनियरची बायको म्हणून पस्तीस वर्षं बदल्या सोसलेली मी बाई. मला त्या म्हणीचा अर्थ कुणी शिकवायला नको. पण त्या विंचवाला मौजही वाटत असेल, हे मात्र मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं, तेही ऑस्ट्रेलियात जाऊन.

आमची मुलगी मेलबर्नला असते. गेल्या एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं आणि जावयांनी आम्हां दोघांसाठी सहा दिवस एक कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली. कॅम्परव्हॅन म्हणजे टेंपोएवढी मोटार आणि तिच्या पोटात सगळा संसार. दोन शेगड्यांची गॅसची चूल, बशीएवढं मोरीचं भांडं, पाण्याची टाकी, आणि रात्री बाकं उलगडली की बिछाना. एकानं उभं राहायचं ठरवलं तर दुसऱ्यानं बसलंच पाहिजे, एवढी ऐसपैस जागा! पहिल्या दिवशी निदान वीस वेळा तरी मी "अहो, सरका" म्हटलं असेन.

आम्ही निघालो त्या रस्त्याचं नाव ग्रेट ओशन रोड. व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यानं टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत तो सुमारे 240 किलोमीटर जातो. तिथं वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. इतर देशांच्या पाहुण्यांसाठी जागोजाग "डावीकडून चालवा" अशा पाट्या लावल्या आहेत. ह्यांना त्या वाचून फार बरं वाटे. पश्चिमेकडे तोंड करून जाताना समुद्रही डाव्या हातालाच. त्यामुळे माझ्या खिडकीखाली सरळ पाणी, आणि त्या पाण्यापलीकडे दक्षिणेला थेट अंटार्क्टिका. मधे मधे रुंद जागा ठेवल्या आहेत. सावकाश चालणाऱ्यानं तिथं बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यायची. आम्ही सगळ्यांना वाट दिली.

ह्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. समोरून येणारे दिवे रात्री डोळ्यांत पसरतात, म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवाय दिवस मावळताना तिकडे कांगारू रस्त्यावर येतात. रस्त्याकडेला वाटेल तिथं गाडी लावून झोपण्याची तिथं परवानगी नाही. ठरलेल्या तळावर जावं लागतं. तेव्हा आमचा नियम असा, की चारच्या आत मुक्काम. जावयांना तो फार कंटाळवाणा वाटला. पण ह्या नियमामुळेच आम्हांला सहा लांबलचक संध्याकाळी मिळाल्या. नोकरीच्या काळात हे महिनोन् महिने घाटात राहुटीत, आणि मी मुलांची शाळा सांभाळत गावात. आता पळून जायला ह्यांना राहुटी नव्हती आणि मला स्वयंपाकघर नव्हतं.

ईस्टर्न व्ह्यू नावाच्या ठिकाणी रस्त्यावर एक लाकडी कमान आहे. तिथं आम्ही उतरलो. शेजारी काम करणाऱ्या दोन सैनिकांचा पुतळा आहे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात हा रस्ता बांधला, आणि युद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून बांधला. टिकाव, फावडी, हातगाड्या आणि सुरुंग एवढ्यावर मुख्य काम झालं. ते तंबूत राहत. करमणुकीला ग्रामोफोन आणि पियानोही असे. 1924 साली एक आगबोट किनाऱ्याजवळ अडकली आणि तिला हलकं करण्यासाठी बियरची पिंपं समुद्रात टाकावी लागली. ती वाहत किनाऱ्याला लागली, आणि मग पंधरा दिवस काम बंद पडलं, असं सांगतात. हे ऐकून आमचे इंजिनियरसाहेब म्हणाले, "हजेरीपटावर काय लिहिलं असेल गं?"

या कामासाठी पैसा उभा करणारे, जिलाँग शहराचे एक वेळचे महापौर हॉवर्ड हिचकॉक, रस्ता पुरा होण्याच्या थोडे महिने आधी, 1932 च्या ऑगस्टमध्ये वारले. नोव्हेंबरमध्ये उद्घाटन झालं, तेव्हा गव्हर्नरच्या मोटारीमागून त्यांची मोटार नेण्यात आली. काम करताना काही मजूरही मेले होते.

त्या रात्री लॉर्नच्या तळावर मी मुगाची खिचडी टाकली होती. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात आपल्या घाटात दरड आली होती. माझ्या हजेरीपटावरची दोन माणसं तिच्याखाली गेली. एक मुकादम होता. सकाळी त्यानंच मला चहा आणून दिला होता."

त्या पावसाळ्यातलं ह्यांचं पत्र मला आठवत होतं. "पाऊस फार आहे. प्रकृती उत्तम. मुलांना आशीर्वाद." एवढंच होतं त्यात. मी विचारलं, "मला का नाही लिहिलंत?" हे म्हणाले, "तू एकटी होतीस. वाचून काय केलं असतंस?" मी काही बोलले नाही. खिचडी खाली लागली होती, ती तशीच वाढली.

दुसऱ्या दिवशी केप ऑटवेचा 1848 सालचा दीपस्तंभ पाहिला, आणि पुढे 'बारा प्रेषित' म्हणजे ट्वेल्व्ह अपॉसल्स. समुद्रात उभे असलेले हे चुनखडीचे सुळके. मूळ कडा जमिनीचा. लाटांनी त्याला आधी गुहा पडते, गुहा आरपार गेली की कमान होते, कमानीचं छत कोसळलं की सुळका उरतो, आणि अखेर सुळकाही पडतो. बारा तर ते कधीच नव्हते; नावच तेवढं भरघोस. 2005 च्या जुलैत त्यांतला एक डोळ्यांदेखत कोसळला. जवळच 'लंडन ब्रिज' नावाची दुहेरी कमान होती. 15 जानेवारी 1990 रोजी तिचा किनाऱ्याकडचा भाग पडला, आणि पलीकडे गेलेली दोन माणसं समुद्रात अडकली. त्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

लॉक आर्डच्या घळीत मी खाली उतरले. 1 जून 1878 रोजी लॉक आर्ड नावाचं जहाज इथं फुटलं. चोपन्न माणसांतली दोनच वाचली: टॉम पीअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कार्माइकल ही तरुणी. टॉम किनाऱ्याला लागला, तिची हाक ऐकून पुन्हा पाण्यात शिरला आणि तिला ओढून काढलं. मग कडा चढून तो मदत आणायला गेला. तिचे आईबाप आणि भावंडं त्याच जहाजावर होती. ती सगळी गेली. आता या दोघांचं लग्न होणार, असं साऱ्या वसाहतीनं ठरवून टाकलं. पण तसं झालं नाही. ईव्हा आयर्लंडला परत गेली. मला त्यात नवल वाटलं नाही. ज्याच्या तोंडाकडे पाहिलं की ती रात्र आठवायची, त्याच्याशी रोजचा संसार करणं सोपं नसावं. काही गोष्टी सांगायला माणसाला चाळीस वर्षं लागतात, हे मी दोनच दिवसांपूर्वी पाहिलं होतं.

पोर्ट कॅम्पबेलच्या तळावर रात्री आभाळ स्वच्छ होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिणेला क्षितिजाशी टेकलेला त्रिशंकू तिथं पार वर चढलेला होता. हे मात्र आत, दिव्याखाली, मुलीनं दिलेल्या वहीत काही लिहीत होते. मी डोकावले. घाटातल्या त्या टोळीतल्या माणसांची नावं होती: सुरुंगवाले, पहारवाले, घमेली वाहणाऱ्या बाया. नाव आठवत नसेल तिथं गाव लिहिलं होतं. "आपल्या घाटात कमान नाही," एवढंच ते म्हणाले.

वॉर्नम्बूलला शेवटचा मुक्काम पडला, तोवर एकतीस जण झाले होते. एका मे महिन्यात मी मुलांना घेऊन ह्यांच्या राहुटीवर राहिले होते, तेव्हा एक बाई रोज माझ्या धाकट्याला करवंदं आणून देई. तिचं नाव मला ठाऊक होतं. वही ओढून घेऊन बत्तीसावं नाव मी लिहिलं. मग हे म्हणाले, "अगं, ती त्या मुकादमाची बहीण." आणि त्या एवढ्याशा गाडीत, सरकायला जागा नसताना, आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या माणसांविषयी बोलत बसलो.