डोळ्यांखालची सूज आणि काळी वर्तुळे



आमचा विषय फलकावर वाचून काल एका मित्राने विचारले, "कामगार चळवळीतली माणसे आता मुखप्रसाधनावर बोलू लागली काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते जिनिंगच्या फाटकाशी आणि गावच्या वाचनालयात. परंतु तीस वर्षे फाटकाशी उभे राहून पत्रके वाटली, म्हणजे माणसाच्या तोंडाकडे पाहण्याची सवय लागते. रात्रपाळीचा भोंगा झाला की जी तोंडे बाहेर पडतात, त्यांत आधी दिसतात डोळे, आणि डोळ्यांच्या आधी त्यांच्याखालची सूज नि काळेपणा.

या पाहण्यात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगितल्यावाचून पुढे बोलणे बरे नव्हे.

आमच्या युनियनचा एक सभासद होता. कापसाचा हंगाम जोरात होता, आणि सकाळी तो बाहेर पडे तेव्हा त्याच्या पापण्या फुगलेल्या असत. त्याने एकदोनदा विचारलेही. आम्ही म्हणालो, "जागरण आहे बापा, झोप काढ." एवढ्यावरच थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण आम्ही त्याला फाटकसभेत पुढे उभा केला आणि गर्जून सांगितले, "हे पाहा रात्रपाळीचे फळ!" टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी त्याच्या पायांवर सूज आली, तेव्हा कोणीतरी त्याची लघवी तपासली. दुखणे मूत्रपिंडाचे निघाले. औषधपाण्याने तो सावरला. पण ते तीन महिने फुकट गेले. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही. आम्ही मात्र देतो. प्रत्येक दुखण्याचे मूळ मालकाच्या वहीत शोधण्याची आम्हांला खोड होती, आणि त्या खोडीपायी डोळ्यांदेखतची गोष्ट दिसली नाही.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचीत आलो, डॉक्टरमंडळींना विचारीत आलो. ते आपल्यापुढे ठेवतो.

पापणीची कातडी साऱ्या शरीरात सर्वांत पातळ. तिच्याखाली चरबी थोडी, आणि तिथले मांस सैल विणीच्या कापडासारखे. म्हणून आतल्या रक्तवाहिन्यांची निळसर छाया वर दिसते, आणि अंगात पाणी साचले की ते पहिल्याने तिथेच जमते. रात्रभर आडवे पडल्यावर सकाळी डोळे थोडे फुगणे आणि उठून वावरू लागल्यावर तासा-दोन तासांत ते उतरणे, ही निसर्गाची रीत आहे. रात्री लोणचे-पापड जास्त झाले तर फुगवटा वाढतो, कारण मीठ पाणी धरून ठेवते. वय झाले की डोळ्याच्या खोबणीतली चरबी पुढे सरकते, त्या पिशव्या कायमच्या. त्यांस औषध नाही, शस्त्रक्रिया आहे. आणि आमच्या मते बहुतेकांना तिची गरज नाही.

काळेपणाची मात्र तऱ्हा निराळी, कारण तो एका जातीचा नसतो. घरी पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. खिडकीशी आरसा धरून तोंड उजेडाकडे वर करावे. काळेपणा नाहीसा झाला तर ती नुसती खळग्याची सावली. नाही झाला, तर बोटाने कातडी हलकेच ताणावी. रंग आहे तसाच राहिला तर तो कातडीतला रंग. ताणल्यावर निळेपणा अधिक दिसू लागला तर तो रक्तवाहिन्यांचा. पुष्कळ घरांत हा रंग आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे आलेला असतो. तो रोग नव्हे, वारसा आहे, आणि त्यासाठी एक पैसाही खर्चू नये. काहींचा काळेपणा तर रात्री न धुतलेल्या काजळाचा असतो!

आमच्या जिल्ह्यात एक कारण फार पाहावयास मिळते. जिनिंगमध्ये रुईची धूळ उडते. नाक चोंदते, डोळे चुरचुरतात, माणूस दिवसभर ते चोळतो. नाक चोंदले की डोळ्यांखालच्या बारीक शिरा तुंबतात, आणि चोळून चोळून कातडी काळी पडते. येथे मलमाचे काम नाही. नाकातोंडाला फडके, थंड पाण्याने डोळे धुणे आणि डॉक्टरांकडून नाकाचा इलाज, एवढे हवे. दुसरे कारण रक्त कमी असण्याचे. चेहरा पांढुरका पडला की वर्तुळे उठून दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पहाटे चारला उठून स्वयंपाक उरकून वेचणीला जाणारी बाई शेवटी काय जेवते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही.

घरगुती उपायांत खरा गुण थंडाव्याचा. काकडी ठेवा, चहाची थंड पुरचुंडी ठेवा, की माठाच्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके दहा मिनिटे ठेवा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते. परिणाम काही तासांचा. उशाशी सतरंजीची एक घडी जास्त घ्यावी, रात्री मीठ कमी खावे.

आणि झोप. झोप घ्या म्हणून सांगणे सोपे आहे. कोळशाच्या खाणीत तिसरी पाळी करून आलेल्या माणसाने वणीच्या उन्हाळ्यात, टिनाच्या छपराखाली, दुपारी बारा वाजता कशी झोप घ्यावी, हे आम्हांला कोणी सांगावे! १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. सुटी मिळाली ती १८९० साली. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली. आमची खोड पुरती गेलेली नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

आता ज्यासाठी मुख्यतः उभे राहिलो ती गोष्ट. २०२३ च्या सुरुवातीस वर्तमानपत्रांत शेजारच्या अकोल्याची एक हकीकत आली. एका तरुण मुलीने चेहऱ्यासाठी मलम आणले, तिच्या आईने आणि बहिणीनेही ते लावले, आणि तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्या मलमात पारा निघाला. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण नोंदले; त्यांतील १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले.

पारा घालतात का? तर कातडीत रंग तयार होण्याची क्रिया तो अडवितो. काळी जागा उजळते, गिऱ्हाईक खूष होते. पण तो कातडीवाटे रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली की रक्तातले प्रथिन लघवीवाटे जाऊ लागते, रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते, आणि ते पहिल्याने कोठे जमते, हे मघाशी सांगितलेच. डोळ्यांखालचा काळेपणा घालवण्यासाठी लावलेले मलम डोळ्यांखाली सूज आणते! मग ती सूज घालवण्यासाठी तेच मलम जरा जास्त लावले जाते. वेळीच बंद केले तर पुष्कळ जण बरे होतात, एवढे समाधान.

पाऱ्यासंबंधीचा जागतिक करार २०१३ साली झाला. जपानातील ज्या मिनामाताच्या लोकांनी पाऱ्याचे भोग भोगले, त्या गावाचे नाव त्याला दिले आहे. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांतही पाऱ्यावर मर्यादा घातली होती. पण नियम डबीवरच्या पत्त्याला लागू होतो. जिच्यावर पत्ताच नाही, त्या डबीला कोण धरणार? ज्या डबीवर करणाऱ्याचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि आत काय आहे ते लिहिलेले नाही, ती घेऊ नये. आठ दिवसांत उजळ करतो म्हणणाऱ्याची तर मुळीच घेऊ नये.

सकाळची सूज दुपारपर्यंत उतरत नसेल, रोज वाढत असेल, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहत असेल, लघवीला फेस येऊन तो टिकत असेल, तर लघवी तपासून घ्यावी. पूर्वी काचेच्या नळीत लघवी तापवून पाहात. प्रथिन असले की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढुळते. आता कागदाची पट्टी बुडवली की मिनिटभरात कळते. सूज असून लघवी स्वच्छ निघाली तर थायरॉइडची तपासणी करावी. एकच डोळा एकाएकी लाल होऊन सुजला आणि दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

फाटकाशी आम्ही अजूनही उभे राहतो. कोणाचे डोळे सुजलेले दिसले की आता "पाळी कोणती?" हे दुसऱ्यांदा विचारतो. पहिल्याने विचारतो, "दुपारपर्यंत उतरते का?"

सभेनंतर ज्या भगिनींना आपल्या घरची डबी दाखवावयाची असेल त्यांनी उद्या अवश्य आणावी. आम्ही उद्याच्या व्याख्यानालाही येणार आहोत, आणि चष्मा बरोबर असेल. त्या डब्यांवरची अक्षरे फार बारीक असतात.